बांधाकडच्या आठ ओळी

खानदेशात जाऊन आले असं सांगितलं की लोक विचारतात, भरीत खाल्लं का, केळी आणली का. दोन्हींचं उत्तर होय असं आहे. पण मी गेले होते एक सोळा पानी फॉर्म भरायला, आणि त्या फॉर्मनं मला जेवढं चक्रावून सोडलं तेवढं तिथल्या तिखटानंही सोडलं नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

झालं असं, की नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि विषाशिवाय पिकवलेल्या कापसाला, शेंगदाण्याला परदेशातून मागणी येऊ लागली होती. तसं पिकवल्याचा दाखला द्यायचा तर कुणीतरी शेतावर जाऊन बघायला हवं. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेनं हे काम अंगावर घेतलं आणि वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका म्हणून मला दिवाळीच्या सुटीत तपासनीस केलं. मी मूळची चिपळूणची. परीक्षेत कॉपी पकडण्याबद्दल माझी कॉलेजात ख्याती आहे आणि मला त्या ख्यातीचा थोडा गर्वही आहे. कापसाचं शेत मात्र मी आगगाडीच्या खिडकीतूनच पाहिलेलं होतं.

धुळे

धुळ्याला सकाळी उतरले. रस्ते सरळसोट, एकमेकांना काटकोनात छेदणारे. मला वाटलं, चला, इथे तरी हरवायला होणार नाही. तर सगळे चौक सारखेच दिसायला लागले आणि मी एकाच रसवंतीवरून तीनदा गेले. शेवटी लॉजवर जायला रिक्षा केली. रिक्षावाल्यानं मला दोनशे पावलांवर, वळणापलीकडे सोडलं आणि पैसे घ्यायला लाजला.

दुपारी एका खाणावळीत शेवभाजी मागवली. "कमी तिखट द्या," असं बजावलं. मालकांनी मान डोलावली आणि वाटीत लाल तेलाची तर्री, तिच्या तळाशी कुठेतरी शेव, अशी ती आली. मी पुन्हा म्हटलं, कमी तिखट सांगितलं होतं. ते म्हणाले, "ताई, ही कमीच आहे." आमच्याकडे कमी तिखट म्हणजे मिरची दाखवून काढून घेतलेली आमटी. डोळ्यांतलं पाणी पुसत मी भाकरीवर भाकरी खाल्ली. खरं सांगायचं तर तिसरी भाकरी तिखटासाठी नव्हती, चवीसाठी होती.

संध्याकाळी लॉजवर बसून फॉर्म वाचला. मूळचा परदेशी, पुण्यात कुणीतरी मराठी केलेला. 'शेतावरील वन्य जीवांच्या निवासाचे वर्णन करा.' 'निषिद्ध निविष्ठांचा वापर झाला असल्यास तो कोणी, केव्हा व का केला?' निविष्ठा म्हणजे खतं-औषधं, हे दुसऱ्या वाचनात कळलं. 'लगतच्या शेतधारकाची स्वतंत्र मुलाखत घ्या.' वाचता वाचता मला माझाच पेपर कठीण गेल्यासारखं झालं.

नरडाणा

ज्यांच्या शेतावर जायचं ते शिंदखेडा तालुक्यातले, नरडाण्याहून तापीकडे जाताना लागणाऱ्या एका गावातले. त्यांचं पूर्ण नाव फॉर्मवर आहे. इथे ते गावाचेच नाना राहू देत. त्यांनी कळवलं होतं, 'नरडाण्याला घ्यायला येतो.' मी रेल्वे स्टेशनवर जाऊन बसले, ते महामार्गावरच्या फाट्यावर लूना घेऊन उभे राहिले. दोघंही दोन तास एकमेकांना मनात बोल लावत होतो. शेवटी ते मला शोधत स्टेशनात आले. पासष्टीचे, सडपातळ, पांढरी टोपी, आणि कानाला अत्तराचा फाया. तपासणी म्हणून लावलेला असावा.

"बाई, तुम्ही गाडीवर नही वनात ना? मंग ठेसनवर काब्र बठ्यात?" त्यांनी विचारलं. धुळ्याहून मी एसटीनं आले होते, मग स्टेशनवर का बसले, असं ते विचारत होते.

लूनावर मागे बसून, मांडीवर फॉर्मची पिशवी धरून मी त्यांच्या घरी गेले. वाटेत त्यांनी जे सांगितलं त्यातलं निम्मं वाऱ्यात गेलं आणि निम्मं माझ्या कानांना उलगडलं नाही. 'शे' म्हणजे 'आहे' आणि 'बठ्ठा' म्हणजे 'सगळा' एवढ्या भांडवलावर मी दुपारपर्यंत रेटलं.

घरात अक्का होत्या, नानांची बायको. ठेंगण्या, बोलायला कमी, हाताला भलत्या वेगवान. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापता थापता त्यांनीच मला सगळ्याचं मूळ सांगितलं. तीन वर्षांपूर्वी कापसावर फवारणी चालू असताना पंपात औषध भरून द्यायला त्या शेतात होत्या. तिथेच चक्कर येऊन पडल्या. धुळ्याच्या दवाखान्यात आठ दिवस काढले. घरी आल्यावर नानांनी पंप कोठीत टाकला तो टाकलाच. पुढे संस्थेची माणसं गावात आली, आणि नाना जे करत होते त्याला दाखला मिळतो हे त्यांना कळलं. अट एकच होती : सलग तीन वर्षं विषाचा थेंबसुद्धा नको. मधे खंड पडला की पुन्हा पहिल्या वर्षापासून.

हे तिसरं वर्ष होतं. गावात तीन वर्षं त्यांची टिंगल झाली होती. किडीला पोसणारा नाना म्हणत त्यांना. नानांनी शिंदखेड्याहून काचेची चौकटही आणून ठेवली होती, आतला कागद तेवढा यायचा होता. आणि तो कागद येणार की नाही हे, देवाची करणी पाहा, ज्या बाईला फाटा आणि स्टेशन यांतला फरक कळला नाही तिच्या हातात होतं.

जेवल्यावर फॉर्म काढला. "नाना, रासायनिक खत वापरता का?"

"तुम्ही सांगशात तसं," नाना नम्रपणे म्हणाले.

"मी सांगेन तसं नाही. तुम्ही काय करता ते सांगा."

"आम्ही? आम्ही काहीच करतस नही." आणि मग घाबरून, "काही चुकनं का?"

पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही ही तिथली रीत, आणि माझा फॉर्म तर सगळा होय-नाहीचा. आमच्या कोकणात उलट. कुणी काही विचारलं की आधी 'नाही' म्हणायचं आणि मग प्रश्न काय होता ते ऐकायचं. पाचव्या पानापर्यंत आम्ही दोघंही घामाघूम झालो होतो.

मग कोठी पाहिली. भुईमुगाच्या शेंगा निंबाचा पाला घालून ठेवलेल्या, कोरड्या खडखडीत, बुरशीचा वास नाही. मी खूश होऊन बरोबरची खूण करणार, तोच पोत्यावर नजर गेली. पोतं युरियाचं. खाण्याचा माल खताच्या पोत्यात ठेवायचा नाही, हा तर अगदी पहिल्या पानावरचा नियम. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, पोती भावाकडून आणली, तापीवर नेऊन तीनदा धुतली. 'तीनदा धुतली' ला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. मी 'किरकोळ त्रुटी' लिहिलं. अक्का त्याच संध्याकाळी सगळ्या शेंगा जमिनीवर ओतून मोकळ्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यामधून पाय उचलत चालत होते.

वावर

शेताला तिथे वावर म्हणतात. सकाळच्या गारव्यात आम्ही निघालो. काळी जमीन, भेगाळलेली, आणि त्यावर बोंडं उमललेला कापूस. मी चपला घालून गेले होते. एका भेगेत टाच अडकली, चपलेचा अंगठा तुटला, आणि पुढची सारी तपासणी मी दोरीनं बांधलेल्या चपलेवर केली.

नानांचा कापूस बघून मी मनात म्हटलं, हा माणूस खरं बोलतो. बोंडांना भोकं होती, पानं कुरतडलेली होती, आणि त्यातूनही झाड उभं होतं. मधेमधे मका, चवळी. पाखरं भरपूर. वन्य जीवांच्या निवासाचं वर्णन मी मिटक्या मारीत लिहिलं.

आणि मग आम्ही बांधाकडे आलो. पलीकडे शेजाऱ्याचं शेत, तिथे फवारणी जोरात चालते हे नानांनीच सांगितलं होतं. दोन शेतांच्या मधे नियमाप्रमाणे गवताचा पट्टा सोडलेला. पट्ट्याच्या अलीकडे नानांच्या कापसाच्या आठ ओळी अशा होत्या, की बघत राहावं. हिरव्यागार, तुकतुकीत, बोंडाला भोक म्हणून नाही. मी बुचकळ्यात पडले. बांधाकडची झाडं उलट जास्त किडायला हवीत. शेजारी फवारलं की तिकडची कीड पहिली इकडे येणार.

"नाना, ह्याच ओळी एवढ्या चांगल्या कशा?"

नाना कौतुकानं म्हणाले, "बांधवरन्या ओयी तीन सालपासून आश्याच येतस. आबाना पाय गुणना शे. तो रोज आठे येईसन उभा र्‍हास ना, त्यानाच गुण."

आबा म्हणजे तो पलीकडचा शेजारी. दोघांची पन्नास वर्षांची संगत. आमच्याकडे बांधापलीकडच्या माणसाशी कोर्टात बोलतात. माझ्या थोरल्या भावाचा आणि चुलतभावाचा दगडी गडग्याच्या हातभर जागेवरून वाद चाललाय तो अजून चालूच आहे. तेव्हा शेजाऱ्याच्या पायगुणानं पीक येतं हे शास्त्र मला नवं होतं. मी वहीत प्रश्नचिन्ह काढलं. 'लगतच्या शेतधारकाची स्वतंत्र मुलाखत' घ्यायची होतीच. म्हटलं, विचारून घेऊ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आबा निंबाखाली खाटेवर बसले होते. जाडजूड, भरघोस मिशा, डोळे मिस्कील. त्यांनी माझ्यापुढे भाजलेल्या शेंगांचा ढीग ओतला. नियमानं नानांना दूर ठेवायचं होतं, म्हणून मी त्यांना घरून माझा चष्मा आणायला पाठवलं. चष्मा माझ्या पिशवीतच होता. त्या वेळपर्यंत मी एवढंच खोटं बोलले होते.

नाना दिसेनासे झाल्यावर आबा पुढे वाकले. "बाई, एक सांगस. नानाले सांगू नका. त्याले वाईट वाटी."

"नाही सांगत. काय आबा?"

"नानाना पंप तीन सालपासून कोठीमा पडेल शे. पंप बंद, म्हंजे माणूसना हात बंद. इचारं तर सांगस, मी दवा सोडी दिधी." आबांनी शेंग फोडली. "घरमा दाणा नही र्‍हास ना बाई, तव्हा माणूस सांगस, आज मन्हा उपास शे."

"मग?"

"मंग काय? हातमा दिधं तर लेस नही तो. जुना अभिमानी. म्हनीसन तो शिंदखेडाले बजारले गया का, मन्हा पंपमा जे उरस ना, ते त्यान्या बांधवरन्या आठ ओयीस्वर मारी देस. बठ्ठा वावरले पुरस नही. पन आठ ओयी तरी वाचतस." ते थांबले आणि शरमेनं हसले. "दर साल दोन-तीन येळ. तुम्ही त्याले काही मदत मियाडी द्या बाई. तुमनं वजन र्‍हाई वरे."

मी हातातली शेंग न फोडताच बसून राहिले. नानांकडे दाणा होता, कोठी भरलेली होती. उपास खरोखरचा होता. आणि ह्या देवमाणसानं तीन वर्षं, बाजाराचा दिवस बघून, उपास करणाऱ्याच्या तोंडात घास घातला होता. कॉपी करणारा मी शंभर पावलांवरून ओळखते. इथे कुणाला पकडायचं?

दुपारभर मी फॉर्म उलटासुलटा वाचला. नियम साफ होता. शेजाऱ्याच्या हातून, शेतकऱ्याच्या नकळत झालं असेल, तर बांधाकडच्या ओळी वगळायच्या आणि बाकी शेताला दाखला द्यायचा. म्हणजे नाना वाचत होते. मला हायसं वाटलं. मग खालची ओळ वाचली. अशा वेळी शेजाऱ्यानं लिहून द्यायचं : माझ्या फवारणीमुळे अमुक यांच्या पिकात निषिद्ध द्रव्य गेले, पुन्हा असे करणार नाही. आबा चौथी शिकलेले होते. अक्षर लावून वाचायचे. आणि शेतकऱ्यानं स्वतः फवारलं असेल तर तीन वर्षं वाया, पुन्हा पहिल्यापासून. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यावर आबांना दिलेला शब्द होता, आणि निरोप घेण्याआधी सगळा अहवाल शेतकऱ्याला वाचून दाखवायचा हाही नियम होता.

निरोपाचा दिवस

सकाळी ओट्यावर बसून मी अहवाल वाचायला लागले. खत, बियाणं, शेंगा, पोती. नानांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. मग मी म्हटलं, "बांधाकडच्या आठ ओळी," आणि कागद मांडीवर ठेवला.

नानांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग शेताच्या दिशेनं पाहिलं. आतून अक्कांच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता तोही थांबला.

"आबा का?" ते हळूच म्हणाले.

मी सांगितलं नाही. फक्त नाही म्हटलं नाही. कोकणातली असून मला तो एक शब्द उच्चारता आला नाही.

मग सगळे नियम समजावून सांगितले. दोन्ही वाटा सांगितल्या. आठ ओळी गेल्या तरी बाकीचा दाखला मिळतो, हे तीनदा सांगितलं. आबांनी सही करायच्या कागदाबद्दल सांगितलं तेव्हा नानांनी हात वर केला.

"तो कागद आबाले वाचना पडी?"

"हो."

"मंग आसं लिखा बाई. मीच दवा मारी."

"नाना, तुमची तीन वर्षं जातील."

"तीन साल कितला? परत करसूत."

"पण हे खरं नाही."

नाना थोडे चिडले. "त्यानी मन्हासाठे चोरीछिपे कयं, आन मी त्याले सरकारी कागदवर सही मांगू? तो मरापर्यंत बांधवर परत येवाव नही, बाई. मी त्याले वयखस."

अक्का दारात येऊन उभ्या होत्या, हात पिठानं भरलेले. "तीन साल लोकेस्ना टोमणा खाद्यात आपण," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. अक्का आत गेल्या. आता भांडण होणार म्हणून मी अंग चोरून बसले. त्या बाहेर आल्या त्या हातात झाकलेली वाटी घेऊन. भरीत होतं. आबांच्या घरी रोज वाटी जायची, तशी ती त्यांनी नेऊन दिली. परत आल्या आणि नानांकडे बोट करून मला म्हणाल्या, "लिखा. तो सांगस तसं लिखा."

"आणि पुढल्या वर्षी आबांनी परत फवारलं तर?" मी विचारलं. माझ्यातली तपासनीस अजून जिवंत होती.

नानांनी ते आधीच ठरवलेलं दिसलं. "आते पंप बाहेर काढसू. लिंबोईनं पाणी भरसू. चालस ना ते तुमना नियममा? आबा वावरमा र्‍हाई तव्हाच बांधवर फवारसू, त्याले दिसी आसं. त्याले वाटी, नानाना हात मोकया व्हयना. मंग तो मारी नही." निंबोळीचा अर्क नियमात बसत होता, मी मान हलवली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा ते हसले.

मी लिहिलं : 'शेतकऱ्याचे म्हणणे : स्वतः फवारणी केली.' नानांनी वळणदार सही केली. लूनावरून त्यांनी मला नरडाण्याला पोचवलं, ह्या वेळी स्टेशनवर. पॅसेंजर येईपर्यंत थांबले आणि वाटेत खायला म्हणून शेंगांची पिशवी दिली. मी बरोबर केलं की चूक, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आजही कळलेलं नाही.

जळगाव

जळगावला संस्थेचं शाखा-कार्यालय एका दुकानावरच्या माडीवर होतं. तिथले समन्वयक कृषी पदवीधर, तिशीचे, अगत्यशील. त्यांनी केळी पुढे केली आणि अहवाल वाचायला घेतला. मी खिडकीतून खाली केळ्यांचे घड लादलेला ट्रक बघत होते. रावेर-यावलकडचा असावा. तिकडे जाऊन केळीच्या बागा बघायचं माझ्या मनात होतं, पण आता मन राहिलं नव्हतं.

"वा मॅडम," ते म्हणाले, "पहिल्याच तपासणीत कबुलीजबाब मिळवलात. आम्हाला आजवर एकानंही असं सांगितलेलं नाही." मग चेहरा उतरला. "म्हणजे तीन वर्षं हा माणूस आपल्याला फसवत होता. मी स्वतः त्यांच्या घरी जेवलोय हो. सज्जन वाटले होते."

मी केळं सोलत राहिले.

त्यांनी पानं उलटली आणि शेवटच्या पानावर थांबले. "इथे मात्र चूक झालीय तुमची." त्यांनी फॉर्म माझ्याकडे फिरवला. 'शेतकऱ्याच्या सचोटीबद्दल तपासनिसाचे मत : उत्तम, मध्यम, असमाधानकारक.' मी गाडीतच 'उत्तम' वर खूण केली होती, आणि कागद फाटेल इतकी दाबून केली होती.

"चूक नाही," मी म्हटलं.

"पण मॅडम, त्यानं विष फवारलं हे तुम्हीच लिहिलंय. आणि सचोटी उत्तम? दोन्ही खरं कसं असेल?" त्यांनी खोडायला पांढऱ्या शाईची बाटली पुढे केली. मी ती हातात घेतली नाही. ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी दोनदा समजावलं. मग नाइलाजानं समासात लाल पेनानं लिहिलं, 'तपासनीस गोंधळलेल्या दिसतात,' आणि त्याखाली माझी सही मागितली.

धुळ्याच्या चौकापासून मी गोंधळलेली होते हे खरंच होतं. त्या एका खुणेपुरती मात्र नव्हते. मी लाल ओळीखाली सही करून दिली.